ईएसलिंट ९ नंतर व्हीएस कोडमधली तपासणी परत चालू केली ती अशी

ईएसलिंट म्हणजे जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका दाखवणारं साधन. त्याची तपासणी व्हीएस कोड या एडिटरमध्ये परत कशी चालू केली, हे म्हापशाच्या मित्राने विचारलं म्हणून लिहितोय. आमच्या पर्वरीच्या ऑफिसात ईएसलिंटची ९वी आवृत्ती घेतल्यावर एडिटरमधल्या चुका दाखवणाऱ्या लाल रेघाच गायब झाल्या. अशी शांतता फार घातक! आउटपुट पॅनलमध्ये ईएसलिंट निवडलं, तर कॉन्फिग फाइल (नियमांची सेटिंग्ज असलेली फाइल) सापडत नसल्याचं तिथे स्पष्ट लिहिलेलं. एप्रिल २०२४ च्या या आवृत्तीपासून जुनी ‘डॉट ईएसलिंटआरसी’ ही कॉन्फिग फाइल आपोआप वाचली जात नाही. ‘ईएसलिंट डॉट कॉन्फिग डॉट जेएस’ लागते. जुन्या फाइलवरून नवी बनवणाऱ्या मायग्रेशन टूलने ती बनवून घेतली. तपासणीतून वगळायचे फोल्डरही आता तिच्यातच, ‘इग्नोर्स’खाली. आमचा प्रोजेक्ट सबफोल्डरमध्ये आहे, म्हणून व्हीएस कोडच्या ईएसलिंट एक्स्टेन्शनमधल्या ‘वर्किंग डिरेक्टरीज’ सेटिंगमध्ये त्या सबफोल्डरचं नाव टाकलं, ईएसलिंट सर्व्हर रीस्टार्ट केला. न वापरलेल्या व्हेरिएबलचा नियम मात्र मी ‘एरर’वरच ठेवलाय, वॉर्निंग कुणी वाचत नाही.