मॅग्नेशियमची बाटली घ्यायची, तर आधी उलटी करून वाचा

किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घ्यायचीच नाही. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीच करते.

दुसरं, अपेक्षा आवरा. चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहीचं (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचं) दार मॅग्नेशियम अडवून धरतं, पेशी उगाच उत्तेजित होऊ देत नाही, हे खरं. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, तेही खरं. पण यावरून ‘गोळी घ्या, स्मरणशक्ती वाढेल’ असं सांगणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. अर्धशिशीवर काहींना थोडाफार उपयोग होतो, आणि आहारातली कमतरता भरून निघते. एवढंच धरून चाला.

आता मी जिथे दोनदा फसलो ते. लेबल.

मॅग्नेशियम एकटं कधी येत नाही, कशाशी तरी जोडलेलं येतं, आणि बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात वजन असतं ते बहुधा त्या जोडगोळीचं. ऑक्साइडमध्ये शुद्ध मॅग्नेशियम साधारण 60 टक्के, सायट्रेटमध्ये 16, ग्लायसिनेटमध्ये 14, आणि ‘खास मेंदूसाठी’ म्हणून महाग विकतात त्या थ्रिओनेटमध्ये जेमतेम 8. म्हणजे 1000 मिलिग्रॅम ग्लायसिनेटमधून मिळतं 140. हे कळायच्या आधी ‘हजार फार होतात’ म्हणून मी महिनाभर अर्धी गोळी खात होतो! मग शहाणा होऊन 500 ची ऑक्साइड आणली, दिवसाला दोन. शुद्ध मॅग्नेशियम झालं 600. गोळ्यांमधून दिवसाला 350 च्या वर जाऊ नये असं मानतात. शिवाय ऑक्साइड आतड्यात नीट शोषलंच जात नाही, तिथेच पाणी ओढत बसतं. ते दोन दिवस मी कुठे काढले ते विचारू नका.

म्हणून बाटली उलटी करा आणि ‘एलिमेंटल’, म्हणजे शुद्ध मॅग्नेशियम, हा शब्द शोधा. सापडला नाही तर बाटली जागेवर ठेवून द्या. सापडला तर तो आकडा किती गोळ्यांचा आहे ते बघा. पुष्कळदा दोन किंवा तीन कॅप्सूल मिळून एक मात्रा धरलेली असते. आणखी एक भागाकार करा. ‘ग्लायसिनेट 500’ लिहिलंय आणि एलिमेंटल 100 म्हणतात, तर ते 20 टक्के झाले. निव्वळ ग्लायसिनेटमध्ये एवढं बसत नाही, आत स्वस्त ऑक्साइड मिसळलेलं असणार. ‘बफर्ड’ लिहितात ते हेच.

सुरुवात एलिमेंटल 100 मिलिग्रॅमने, रात्री जेवणानंतर. पोट बिघडलं तर कमी करा.

रक्ततपासणीवर फार विसंबू नका. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तद्रवात नसतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी कमतरता असू शकते. भोपळ्याच्या सोललेल्या बिया मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, खाल्ल्या तर दीडशे मिलिग्रॅम मिळतं. निम्म्या लोकांना बाटलीची गरजच नसते, असं माझं मत.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. आमच्या आईने सोय म्हणून दोन्ही सकाळी एकत्र घेतल्या, आणि पुढच्या तपासणीत टीएसएच चढलेला निघाला, म्हणजे थायरॉइडची गोळी नीट लागूच पडली नव्हती. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स सुरू असतील, तर तो कोर्स संपेपर्यंत मी बाटली कपाटातच ठेवतो.