वर्गमूळ सोपं करताना आधी मोठा वर्ग शोधा

डिचोलीत दहावीच्या मुलांची शिकवणी घेताना एक चूक रोज दिसते. √७२ आलं की मुलं ४ बाहेर काढतात आणि २√१८ वर थांबतात. अरे, १८ मध्ये अजून ९ दडलाय! म्हणून थेट ३६ × २ अशी फोड करा, उत्तर ६√२. मोठा वर्ग पटकन सुचला नाही तर मूळ अवयव पाडा: २×२×२×३×३. जोड्या लावा, प्रत्येक जोडीतला एक बाहेर, एकटा उरलेला आत. अंगणात तुळशीभोवती ७२ चौरस फुटांचा चौरस ओटा बांधलात, तर त्याची बाजू हीच, साधारण ८.४९ फूट. बेरजेला मात्र ही फोड चालत नाही: √(९+१६) म्हणजे ३+४ नव्हे, ५.