सुलभा देशपांडे बघायच्या असतील तर सुरुवात कुठून करायची

सुलभा देशपांडे म्हणजे 'इंग्लिश विंग्लिश'मधली श्रीदेवीची सासू, एवढंच माहिती असलेले बरेच जण भेटतात, त्यांच्यासाठी हे.

पहिली अडचण म्हणजे बाईंचं मोठं काम स्टेजवर झालंय आणि ते आता बघता येत नाही. त्यामुळे थोडं उलटं करायचं, आधी वाचायचं. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक मिळवा, १९६७ साली अरविंद देशपांडेंनी बसवलं होतं आणि त्यातली नायिका लीला बेणारे सुलभाताईंनीच केली. घाईत वाचू नका. सुरुवातीलाच बेणारेच्या बोटाला दाराची कडी लागते, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण पुढे ती बाहेर पडायला जाते तेव्हा तीच कडी तिला आत अडकवते, आणि हे लक्षात राहिलं की मग पहिल्या अंकातली तिची बडबड, हसणं, थट्टा सगळं वेगळंच ऐकू यायला लागतं. आणि बेणारे शिक्षिका आहे हेही विसरू नका. सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या! (पुढे १९७१ मध्ये अरविंद देशपांडे आणि अरुण काकडेंबरोबर त्यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली, तिचे प्रयोग त्याच शाळेच्या हॉलमध्ये व्हायचे, प्रायोगिक नाटकांची छबिलदास चळवळ म्हणतात ती हीच.)

वाचून झालं की मगच १९७१चा सिनेमा लावा. दिग्दर्शन सत्यदेव दुबे, कॅमेरा गोविंद निहलानी, आणि बेणारे परत सुलभाताईच. प्रिंट कशीही मिळाली तरी चालवून घ्या पण हेडफोन लावा, आवाज नीट ऐकू यायलाच पाहिजे. माझं सांगायचं तर शेवटच्या स्वगतापेक्षा दुसरे बोलत असताना ही बाई काय करते ते बघा, सगळेजण स्वगताचंच कौतुक करत बसतात आणि तिथपर्यंत ती गप्प कशी कशी होत जाते ते राहूनच जातं.

त्यानंतर बेनेगलांचा 'भूमिका' (१९७७). इथे त्या स्मिता पाटीलची आई. रोल छोटा आहे, मोबाईल बघत बसलात तर निसटेल.

मुलांसाठीचं कामही सोडू नका, आविष्कारची मुलांसाठीची शाखा 'चंद्रशाला' आणि तिचं 'दुर्गा झाली गौरी' हे बालनाट्य, यांच्याबद्दल कुणी जुनं दादरकर भेटलं तर विचारा, तासभर तरी बोलतील.

'चौकट राजा' (१९९१) मात्र मुद्दाम शेवटी ठेवा. त्यात त्या नंदूची, म्हणजे दिलीप प्रभावळकरांची आई आहेत, आणि हा सिनेमा आधी लावलात तर प्रभावळकरांकडेच बघत बसाल, आईकडे लक्षच जाणार नाही, माझं पहिल्या दोन वेळा तेच झालं होतं.