आराखड्याची निविदा वारंवार अडकते? या चुका टाळा

सांडपाण्याचा, पाणीपुरवठ्याचा किंवा नदी सुधारणेचा आराखडा रखडला की नगरपरिषदेत खापर तो तयार करणारा सल्लागार नेमण्याच्या ई-निविदेवर फुटतं. पोर्टल चालत नाही, लेखा विभागाने शेरा मारला, आचारसंहिता लागली. हे सगळं खरंच असतं. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या नस्त्यांमध्ये सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो कार्यकक्षेच्या, म्हणजे सल्लागाराने नेमकं काय काम करायचं हे सांगणाऱ्या, आठ-दहा पानांनी.

ही पानं बहुतेक वेळा लिहिली जातच नाहीत. दुसऱ्या गावची फाईल उघडायची, नाव बदलायचं, अपलोड करायचं. घाटमाथ्यापलीकडच्या, समुद्रापासून लांब असलेल्या एका गावाच्या निविदेत ‘भरती-ओहोटीच्या नोंदी सादर कराव्यात’ अशी अट होती. निविदापूर्व बैठकीत एका सल्लागाराने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि आम्ही सगळे नस्ती चाळायला लागलो. मग शुद्धिपत्रक, मुदतवाढ, आणि शेवटी बोलीचा एकच लिफाफा. फेरनिविदा!

कार्यकक्षा लिहिण्याआधी कागदावर ढोबळ हिशोब करा. वस्ती ५०,००० असेल, तर माणशी रोज १३५ लिटरप्रमाणे ६७.५ लाख लिटर पाणी लागतं. त्याचं ८० टक्के सांडपाणी धरलं तर ५४ लाख लिटर, म्हणजे ५.४ एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर). नाले किती, ते नदीला कुठे मिळतात, जुने नकाशे कोणाकडे आहेत, हे सोबत जोडा. एवढं दिलं नाही तर सल्लागार अंदाजाने दर भरतो. कोणी भीतीपोटी दुप्पट भरतो, कोणी काम मिळवायला निम्मा.

दुसरी चूक कॅलेंडरची. मार्चअखेरीच्या धावपळीत निविदा निघते, कार्यादेश जूनमध्ये हातात पडतो आणि मुदत चार महिन्यांची. भर पावसात नाल्यातलं सांडपाणी मोजणार कसं? भूजलाची पातळीही पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा घ्यावी लागते. मुदत ऋतू बघून ठरवा, नाहीतर मुदतवाढीचा प्रस्ताव आत्ताच टाईप करून ठेवा.

निवडीबाबत माझं मत ठाम आहे: आराखड्याला एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्यालाच काम, ही पद्धत नको. समजा ‘अ’ला तांत्रिक गुण ९० आणि दर ३० लाख, ‘ब’ला गुण ७२ आणि दर २० लाख. नुसत्या दरावर ‘ब’ जिंकतो. तांत्रिक गुणांना ७० आणि दराला ३० अशा भारांकनाने (सर्वांत कमी दराला पूर्ण ३०, बाकीच्यांना त्या प्रमाणात) ‘अ’ला ६३ अधिक २० म्हणजे ८३ गुण, तर ‘ब’ला ५०.४ अधिक ३० म्हणजे ८०.४. गुणवत्ता आणि दर दोन्ही धरून निवड करण्याची पद्धत केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आहे. आपल्या संस्थेला लागू असलेले आदेश तपासून, निकष आणि गुण निविदेतच छापा. लिफाफे उघडल्यावर ठरवलेले निकष लेखापरीक्षणात टिकत नाहीत. आणि ज्या रकमेपुढे ई-निविदा सक्तीची होते ती मर्यादा चुकवायला कामाचे तुकडे तर मुळीच करू नका.

देयकाचे टप्पेही असेच. ‘शेवटचे ३० टक्के शासनाची प्रशासकीय मान्यता मिळाल्यावर’ ही अट ऐकायला कडक वाटते. पण ती मान्यता सल्लागाराच्या हातात नसते. तो एकतर दर वाढवतो, नाहीतर अहवाल टाकून फोन उचलणं बंद करतो. टप्पे त्याच्या कामाला बांधा: सर्वेक्षण, मसुदा, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या तांत्रिक छाननीतल्या त्रुटींची पूर्तता.

शेवटचं, मालकीचं. सर्वेक्षणाचा कच्चा डेटा, कॅडचे नकाशे, जीआयएसचे थर, ईपानेटची (जलवाहिन्यांच्या जाळ्याच्या संगणकीय प्रारूपाची) फाईल हे सगळं संपादन करता येईल अशा स्वरूपात संस्थेचं राहील, हे करारात लिहा. नाहीतर तीन वर्षांनी नवा सल्लागार त्याच गल्ल्यांचा सर्व्हे पुन्हा करतो आणि आपण पुन्हा पैसे मोजतो. आमच्या कपाटात अशा एका आराखड्याची सीडी आहे. आत फक्त पीडीएफ आहे म्हणतात. उघडून बघायला सीडी ड्राइव्ह असलेला संगणक आता कार्यालयात उरलेला नाही.