कृत्रिम हात कपाटात का जातो? या चुका टाळा

कडबाकुट्टीत, रसवंतीच्या चरकात नाहीतर कारखान्यातल्या प्रेसखाली हात गेलेली माणसं माझ्याकडे थेरपीला येतात. हात बसवून सहा महिने झाले की मी विचारते, "वापरता ना?" बरेच जण खाली बघत सांगतात, "आहे की मॅडम, कपाटात." खापर फुटतं हातावर. खोलात गेलं तर बिघाड बहुधा हात मिळायच्या आधीच झालेला असतो.

सगळ्यात आधी बँडेज. टाके निघाल्यावर उरलेल्या हाताला, म्हणजे स्टम्पला, घरचे लोक प्रेमाने क्रेप बँडेज गोल गोल गुंडाळतात. तो वेढा दोरीसारखा आवळतो, सूज खाली साठते आणि टोक भरताच्या वांग्यासारखं फुगतं. असा स्टम्प सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम हाताच्या पोकळ खोबणीत, नीट बसत नाही. वेढे तिरके घ्यायचे, आठाच्या आकड्यासारखे (इंग्रजी आठ हं, आपला नव्हे!). टोकाशी घट्ट, वर जाताना सैल. दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. ठणका लागला किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडायचं.

दुसरी चूक गळ्यातली झोळी. महिनाभर हात झोळीत राहिला की कोपर वाकलेल्या अवस्थेतच आखडतं, खांदाही जाम होतो. केबलवाल्या हाताचा हुक, म्हणजे पंज्याच्या जागी असलेला चिमटा, उघडतो तो खांद्यांच्याच जोरावर. पाठीवरून पट्टा (हार्नेस) जातो. खांदा पुढे नेला की केबल ताणली जाते. खांदाच हलत नसेल तर भारीतला भारी हातही शोभेचाच. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून तीन-चारदा दोन्ही सांधे पूर्ण हलवा.

आणि "सावकाश बघू" म्हणू नका. वर्षभर एका हाताने सगळं जमवलं की दुसऱ्याची अडचणच वाटायला लागते. जखम भरली की शक्यतो महिनाभरात तात्पुरता तरी हात लागावा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची १९५५ साली सुरू झालेली पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. शिबिराला जाताना मात्र आधी फोन करून विचारा. काही हलके हात कोपराखाली पुरेशी लांबी उरली असेल तरच बसतात. कोपराच्या वर हात गेलेला माणूस रात्रभर एसटीने येतो आणि तसाच परततो.

एका दादांनी नवा हात पहिल्याच दिवशी पुतणीच्या लग्नात अक्षतांपासून पाठवणीपर्यंत घातला. संध्याकाळी फोड आले, पुढचे पंधरा दिवस हात बंद. सुरुवात पंधरा-वीस मिनिटांनी, दिवसातून दोन-तीनदा. काढल्यावर कातडी बघा. लाली वीस मिनिटांत ओसरली तर ठीक, नाहीतर सॉकेट दुरुस्तीला न्या. आत कापूस किंवा चिंधी कोंबू नका. रात्री स्टम्प साबणाने धुऊन टिपून घ्या. हात घालायच्या आधी तेल-क्रीम नको.

"हुक नको, हातासारखा दिसणारा द्या" हा आग्रह मला कळतो. पण शेतात, वर्कशॉपमध्ये हुकच कामाला येतो. हातावर चढवलेल्या, दिसायला छान असलेल्या ग्लोव्हवर हळदीचे आणि पेपरच्या शाईचे डाग बसले की निघत नाहीत. कोणताही हात घ्या, त्याच्याकडून धरून ठेवायचं काम घ्या. बाटली तो धरेल, झाकण चांगला हात फिरवेल. पहिल्याच दिवशी शर्टाचं बटण लावायला गेलात तर कपाट जवळच आहे.

हुक पूर्ण उघडत नसेल तर आधी हार्नेस सैल झालाय का बघा, मग केबलची तार. वस्तू निसटत असेल तर हुकाचे रबर गेलेत. बॅटरीवरचा हात आपोआप उघडमीट करत असेल तर बहुधा घाम आलाय किंवा सॉकेट ढिला होऊन इलेक्ट्रोड (स्नायूंचा इशारा टिपणारी, कातडीला टेकलेली चकती) कातडीपासून सुटलाय. पुसून, बॅटरी चार्ज करून बघा. स्वतः खोलू नका.

नसलेला हात दुखतो, बोटं आवळल्यासारखी वाटतात, हे वेड नाही. लोक काय म्हणतील म्हणून कित्येक जण महिनोन्महिने बोलत नाहीत. त्यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायाम आहेत. पहिल्याच भेटीत सांगा.