ठाण्यात बसून सतराव्या शतकातल्या इंग्लिश लॉर्डचं चरित्र कसं वाचायचं

नौपाड्यात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एकाने इतिहासातल्या एका माणसावर बोलायचं असतं. माझ्या वाट्याला इंग्लंडचा पहिला अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी आला होता, आणि सुरुवातीचे दोन आठवडे माझा पार गोंधळ झाला कारण एका ठिकाणी सर अँथनी, दुसरीकडे लॉर्ड अॅशली, तिसरीकडे शाफ्ट्सबरी, आणि हा सगळा एकच माणूस आहे हे मला उशिरा लक्षात आलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितेय.

तर पहिलं काम नावांचं. वहीचं एक आख्खं पान त्यासाठी ठेवा आणि कुठल्या सालापासून कुठलं नाव ते लिहा. जन्म १६२१ चा, डॉर्सेटमधल्या विम्बोर्न सेंट जाइल्स गावात, नाव अँथनी अॅशली कूपर, यातलं अॅशली हे आईच्या माहेरचं. १६३१ मध्ये वडील गेले आणि नऊ वर्षांच्या पोराला सर ही पदवी लागली. १६६१ मध्ये तो बॅरन अॅशली झाला, १६७२ मध्ये अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी. हे पान नसेल तर काय होतं बघा, राजा दुसऱ्या चार्ल्सच्या पाच मंत्र्यांच्या टोळक्याला कबाल म्हणायचे, क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, अॅशली आणि लॉडरडेल यांच्या इंग्लिश आद्याक्षरांवरून, त्यात तुम्ही शाफ्ट्सबरी शोधत बसाल तर सापडणारच नाही. नावावरून तो कुठल्या सभागृहात बसायचा तेही कळतं, सर असेपर्यंत कॉमन्समध्ये निवडून जायचं, बॅरन झाल्यावर लॉर्ड्समध्ये.

आणि नंबर विसरू नका. पहिला बाजीराव आणि दुसरा बाजीराव यांच्यात आपण गल्लत करत नाही ना, तसंच इथे. गिरण्यांमधल्या मुलांच्या कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटलेला शाफ्ट्सबरी हा सातवा अर्ल, एकोणिसाव्या शतकातला.

तारखांचं पण नीट समजून घ्या. आपला माणूस २१ जानेवारी १६८३ ला अॅमस्टरडॅममध्ये वारला, पण तेव्हा इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जुन्या इंग्लिश कागदांत तो जानेवारी १६८२ चाच असतो. आपल्याला हे समजायला सोपं आहे, शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, त्यात ७८ मिळवले तर १६२९ येतं पण पाडवा अजून यायचाय म्हणून साल १६३०, अगदी तीच गोष्ट. शिवाय इंग्लंडची तारीख हॉलंडच्या दहा दिवस मागे असायची.

आता खरा मुद्दा, वाचायला सुरुवात कुठून करायची. मी सांगेन जन्मापासून नको, मुंबईपासून करा. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या कॅथरीनचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि मुंबई आंदण मिळाली हे आपण शाळेतच वाचलेलं असतं. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये आला आणि १६६८ मध्ये चार्ल्सने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पण त्या लग्नाचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. कॅथरीनला मूल झालं नाही. म्हणजे गादी चार्ल्सच्या भावाकडे, जेम्सकडे जाणार, आणि इंग्लंड प्रोटेस्टंट असताना जेम्स कॅथलिक. शाफ्ट्सबरीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई इथून निघते, १६७९ ते १६८१ मध्ये तीनदा बिल आणून जेम्सला वारसाहक्कातून काढायचा प्रयत्न झाला, १६८० चं बिल कॉमन्समध्ये पास झालं आणि लॉर्ड्समध्ये पडलं. व्हिग म्हणजे जेम्सच्या विरोधातले आणि टोरी म्हणजे त्याच्या बाजूचे, या दोन पक्षांची नावं याच भांडणात रुजली. मला हे जुळलं त्या रात्री झोप नाही आली, ज्या लग्नाने मुंबई दिली त्याच लग्नाने इंग्लंडचं राजकारण पेटवलं!

मग पैसा बघा, कारण लॉर्ड लोकांचं राजकारण जमिनीवर आणि व्यापारावर चालायचं. १६६१ ते १६७२ हा खजिन्याचा चान्सलर होता, अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीच्या आठ मालकांपैकी एक होता, तिथल्या अॅशली आणि कूपर या दोन नद्यांना त्याचंच नाव आहे. आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतही त्याचे शेअर होते. हे गाळू नका. १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा, म्हणजे बेकायदा कोंडून ठेवलेल्याला कोर्टापुढे आणायला लावणारा, त्याने जोर लावून आणला, आजही आपल्या हायकोर्टात त्या नावाने अर्ज होतात, आणि त्याच माणसाचा पैसा गुलामांच्या धंद्यात, दोन्ही एकाच पानावर लिहा. कॅथलिक लोक राजाला मारायचा कट करताहेत अशा टायटस ओट्स नावाच्या माणसाच्या खोट्या साक्षींवरून निरपराध कॅथलिक फाशी गेले, ती भीती यानेही राजकारणासाठी वापरली. मला तो आवडतो तरी हे माफ करता येत नाही.

विरोधकांचं वाचताना तारीख बघा. कवी ड्रायडनने त्याला कवितेत बायबलमधला दगाबाज सल्लागार अकिटोफेल केलं ते नोव्हेंबर १६८१ मध्ये, आणि त्याच महिन्यात लंडनच्या ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे, त्याच्यावरचा राजद्रोहाचा आरोप येणार होता. ज्युरीने आरोपपत्र फेटाळलं. पण ज्युरी निवडणारे शेरीफ त्याच्याच बाजूचे होते हेही लिहून ठेवा. लॉर्ड्सच्या कामकाजाच्या नोंदी ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर फुकट वाचता येतात, आधी त्या, मग कविता.

तत्त्वज्ञ जॉन लॉकवर मात्र अडकू नका, तो याच्या घरी डॉक्टर म्हणून राहायचा आणि १६६८ मध्ये याच्या लिव्हरचं ऑपरेशन त्याच्या देखरेखीखाली झालं, एवढं पुरे, नाहीतर सगळं भाषण लॉकचंच होतं.

शेवटी एक नकाशा प्रिंट करून न्या. लोक हमखास विचारतात की मग ठाणं पण आंदणात गेलं का. नाही गेलं. ठाणं ज्या बेटावर आहे ती साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, ठाणं १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलं आणि इंग्रजांकडे आलं ते थेट १७७४ मध्ये. म्हणून मुंबई बेट एका रंगात, साष्टी दुसऱ्या रंगात, आणि ठाण्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आताच्या सेंट्रल जेलवर, एक ठिपका.