नदीचं शून्य कुठं धरायचं?

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की विचारतं, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढलंय. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आम्हाला शाळेपासून पाठ. सिव्हिल करून मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जलव्यवस्थापन शिकायला गेले, ते याच प्रश्नापायी. या वाटेनं येऊ पाहणारी मुलं विचारतात, "ताई, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" ते शिकालच. आधी एकक आणि शून्य, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती पातळी, पक्कं करा.

माझा अभ्यास युरोपातल्या ऱ्हाईन नदीवर होता. 1995 च्या पुरात नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. जर्मन सीमेजवळच्या लोबिथचा तेव्हाचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, तक्त्यात बघितला, 12,000 च्या आसपास. एवढ्याशा पाण्यानं? मग लक्षात आलं, हे आपले क्युसेक (सेकंदाला घनफूट) नाहीत, क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आहेत. एक क्युमेक म्हणजे सुमारे 35 क्युसेक. गुणाकार सव्वाचार लाखांच्या आसपास गेला आणि 2019 च्या ऑगस्टमधला सांगलीचा महापूर डोळ्यांपुढं उभा राहिला.

शून्याची गोष्ट लाउफेनबुर्गची. तिथं ऱ्हाईनच्या एका काठावर स्वित्झर्लंड, दुसऱ्यावर जर्मनी. स्विस उंची भूमध्य समुद्रापासून मोजतात, जर्मन उत्तर समुद्रापासून. फरक 27 सेंटिमीटर. नवा पूल बांधताना हा फरक माहीत होता, पण दुरुस्ती उलट्या दिशेनं झाली आणि 2003 मध्ये दोन बाजूंत 54 सेंटिमीटरचा फरक निघाला. दोन्हीकडचे इंजिनिअर हुशार, देश मित्र, तरीही! म्हणून दुसऱ्या राज्याचा किंवा देशाचा आकडा हाती आला, की तो कुठल्या शून्यापासून मोजलाय ते आधी विचारा.

ऱ्हाईनकाठच्या देशांनी नदीच्या रक्षणासाठी नेमलेला ऱ्हाईन आयोग 1950 चा. पण त्याच्या कामाला खरा जोर आला तो 1986 नंतर. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायचं पाणी विष घेऊन नदीत उतरलं आणि खाली शेकडो किलोमीटर मासे मेले. आयोगाचं कामकाज जर्मन, फ्रेंच, डचमध्ये चालतं. तिकडं काम करायचं असेल तर जर्मन इथूनच सुरू करा. मी उशीर केला. कितीतरी महिने अहवाल हातात असून वाचता येत नव्हते.

सांगली कोयना धरणाच्या खाली आहे आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या वर. अलमट्टीत अडलेल्या पाण्याच्या फुगवट्यानं सांगलीत पूर चढतो का, हा वाद आपण लहानपणापासून ऐकतो. अर्ज भरण्याआधी एक पावसाळा रोज सकाळी 8 वाजता तिन्ही आकडे वहीत लिहा: कोयनेचा विसर्ग, आयर्विनची पातळी, अलमट्टीचा विसर्ग. शेजारी एकक लिहायला विसरू नका. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या.